बिनतोंडाच्या माश्या

आमच्या लेआऊटमागच्या, म्हणजे वसाहतीमागच्या, तळ्याला आग लागली, ही बातमी अण्णांनी गच्चीवरून ओरडून दिली. पाण्याला आग लागत नसते, हे त्या घटकेला कुणालाच सुचलं नाही, कारण ओरडणारा माणूस इंजिनियर होता. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते लेआऊटच्या कमिटीचे अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून आमच्याकडं रस्त्यावरचा दिवासुद्धा त्यांना विचारून लागतो. घर एकच आहे, वरचा मजला त्यांचा, खालचा आमचा, त्यामुळं त्यांची प्रत्येक आरोळी पहिल्यांदा माझ्या डोक्यावर पडते.

पावसाळा सरून थंडी सुरू व्हायचे दिवस होते, सूर्य मावळतीला आलेला. तळ्याच्या बांधावर खरंच धुराचे तीन-चार खांब उभे होते. करडे, वर निमुळते होत गेलेले. लोक बादल्या घेऊन पळाले. मीही गेले. जवळ गेल्यावर कळलं की या धुराला वास नाही, पण आवाज आहे. लांबून कुणी तंबोरा लावून ठेवावा तसा एकसुरी आवाज. आमच्यातल्या एकानं धावत जाऊन धुरावर बादली ओतली. धूर थोडा बाजूला सरकला, बादली रिकामी होऊ दिली आणि परत जागेवर आला.

"डास!" अण्णा म्हणाले. "डेंगीचं डास हायत हे. सगळे घरात चला."

मी नाही गेले. मी निपाणीच्या एका कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी मोठ्यानं बोलत नाही. आमचं जैनांचं घर. सासूबाई, म्हणजे आक्का, आजही पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव परत पाण्यात सोडतात. अशा घरात बेडूक कापून पदवी मिळवलेली सून आली. लग्न ठरताना माझ्या वडलांनी "पोरगी बी.एस्सी. हाय" एवढंच सांगितलं होतं. कशात, ते विचारलं नाही सासरच्यांनी आणि सांगितलं नाही आम्ही. नंतर जेव्हा कळलं तेव्हा आक्का आठवडाभर माझ्या हातचं जेवल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी हात वर करून धुराच्या एका खांबाखाली उभी राहिले. खांब हळूच माझ्या हातावर आला. मी चार पावलं डावीकडं गेले, तो माझ्याबरोबर डावीकडं आला. एकही माशी चावली नाही. घरातून काचेचा पेला आणि पोस्टकार्ड आणलं, पेला उपडा करून दोन-तीन पकडल्या, खाली पोस्टकार्ड सरकवलं आणि घरी आणल्या.

सोप्यात पांढऱ्या कागदावर पेला ठेवला, मोबाईलला लावायचं भिंग काढलं. दिसायला डासाची सख्खी बहीण. पण डासाला सुईसारखी लांब सोंड असते, हिला सोंडच नाही. डास बसताना मागचे पाय वर उचलून बसतो, ही पुढचे पाय उचलून बसते, आरती घ्यायला हात पुढं केल्यासारखी. आणि डोक्यावर दोन मिशा, मोरपिसासारख्या भरगच्च. ज्याला अशा मिशा तो नर. पुस्तकात हिला कायरोनोमिड म्हणतात. मराठीत चिलट म्हणा, केमरं म्हणा, नाव कुणी नीट ठेवलेलं नाही. चावत नाही, रोग पसरवत नाही. पंख फुटल्यावर थोडेच दिवस जगते आणि तेवढ्यात बहुतेक काही खात नाही. नर संध्याकाळी पाण्याकाठी एखादी उठून दिसणारी वस्तू शोधतात, झुडूप, खांब, माणसाचं डोकं, आणि तिच्यावर घोळका करून नाचतात. मादीला लांबून दिसावं म्हणून.

आक्का शेजारी येऊन बसल्या. "कापणार हायस काय तिला?"

"न्हाई हो आक्का. बघून सोडणार."

"मग मला पण दाव."

भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं. "एवढं नटून कुठं निघालेत?"

"लग्नाला."

"जेवत काय न्हाईत म्हणालीस?"

"तोंड असून नसल्यासारखं हाय. पंख फुटल्यावर जेवण बंद."

आक्कांनी मान हलवली. "आपल्यात जन्माला यायची ती. चुकून तळ्यात गेली," म्हणाल्या आणि पेला उचलून स्वतः अंगणात माश्या सोडून आल्या.

पण हे कौतुक दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंतच टिकलं. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवतात. अंधारात ताटात किडामुंगी पडेल आणि हिंसा होईल, म्हणून. आता ह्या माश्या नेमक्या सूर्य मावळायच्या आत यायला लागल्या. आमटीत, भातावर, आक्कांच्या ताकात. शास्त्रानं अंधाराची सोय केली होती, उजेडात येणाऱ्या पाहुण्यांची केली नव्हती. आक्कांनी जेवण चार वाजता आणलं. अण्णांना चारला भूक लागत नव्हती आणि आठ वाजता लागत होती. ते वरच्या मजल्यावर दार लावून काय करत होते ते मला माहीत आहे, पण फरसाणाच्या पिशवीचा आवाज जिन्यात येतो एवढंच सांगते.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच, पंचायतीकडून डास मारायची धुराची गाडी मागवायची. मी उभी राहिले आणि सांगितलं की हे डास नाहीत. कुणी ऐकलं नाही, कारण त्याआधीच आमच्या सीमाभागातला खरा प्रश्न पुढं आला होता. अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा?

"कन्नडमधनं द्या. कामं लौकर होत्यात," एकजण म्हणाला.

"का म्हणून? तळं आमचं, माशी आमची, अर्ज मराठीतच जायचा."

"मग माशीलाच विचारा की तिला काय येतंय ते!"

त्यावर दोघं खुर्चीवरून उठले, दोघांना चौघांनी बसवलं. चहा आला. शेवटी अर्ज दोन्ही भाषांत द्यायचं ठरलं. मराठीत लिहिलं 'डास', कन्नडमध्ये लिहिलं 'सोळ्ळे', म्हणजे डासच. दोन्ही चूक. दोन भाषांचं इतकं एकमत आमच्या भागात मी पहिल्यांदाच बघितलं.

पुढच्या मीटिंगला मी हात हलवत गेले नाही. आमच्या लेआऊटचं सांडपाणी एका मोठ्या पाईपातून वाहून जातं. कुठं जातं ते कधी कुणी विचारलं नव्हतं. मी बांधाच्या पलीकडं, झुडपं बाजूला करून, त्या पाईपाच्या तोंडाशी गेले. पाईप तळ्यातच उघडत होता. तिथला चिखल पळीनं काढून पांढऱ्या ताटलीत घेतला. चिखलात लालभडक अळ्या वळवळत होत्या, बारीक, दोऱ्यासारख्या. ती ताटली मी कमिटीच्या टेबलावर, वेफर्सच्या बशीशेजारी ठेवली.

"शेवया हायत काय?" खजिनदारानं विचारलं आणि हात पुढं केला.

"अळ्या. त्या माश्यांचीच पोरं," मी म्हणाले. त्यानं हात मागं घेतला. "ह्यांचं रक्त लाल असतं, आपल्यासारखं. घाण पाण्यात हवा कमी असते, ती धरून ठेवायला. चांगल्या पाण्यात ह्या इतक्या होत न्हाईत. आपण रोज सकाळी जे पाईपात सोडतोय त्याच्यावर ह्या पोसल्यात."

वेफर्स कुरकुरायचे थांबले. लेआऊटचा नकाशा अण्णांचा, गटार अण्णांचं, उतार अण्णांनी काढलेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या डिझाईनमधी चूक न्हाई," अण्णा म्हणाले. "पाईप बरोबर उताराला हाय."

"उताराला हाय की. पण उतार तळ्यात हाय."

"बाई, हे कॉलेज न्हवं."

विषय संपला. खजिनदारानं पुढचा विषय वाचला, तळ्याच्या सुशोभीकरणाचं उद्घाटन. बांधावर फरशी घातली होती, रेलिंग रंगवलं होतं, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं बसवलं होतं. ज्या पाण्यात आम्ही रोज नको ते सोडतो ते पाणी आता निळ्या-जांभळ्या उजेडात वर उडणार होतं आणि आम्ही बाकावर बसून त्याचे तुषार अंगावर घेणार होतो. मी ताटली उचलली. घरी आक्कांनी विचारलं, "कुठं टाकलंस त्यांना?" मी सांगितलं, होत्या तिथंच परत. त्यांचं समाधान झालं. बाकी कुणाचंच झालं नाही.

उद्घाटनाला एक मोठे पुढारी येणार होते. दिवे दिसावेत म्हणून वेळ संध्याकाळची आणि फोटोत पाणी यावं म्हणून स्टेज बांधाच्या सगळ्यात उंच टोकावर. मी आदल्या दिवशी वर जाऊन अण्णांना सांगितलं.

"अण्णा, स्टेज खाली मैदानात घ्या, न्हाईतर कार्यक्रम तरी दुपारी घ्या. त्या वेळेला, त्या जागेला, जे काय उंच असंल त्याच्यावर त्या माश्या जमणार."

"आता माश्यांना विचारून प्रोटोकॉल ठरवायचा?"

"विचारू नका. पण पाहुणे उंच हायत काय तेवढं सांगा."

ते उंच होते. सहा फुटांच्या आसपास, त्यावर कोल्हापुरी फेटा आणि फेट्यावर हातभर तुरा. फेटा अण्णांनी स्वतः बांधवून घेतला होता.

कार्यक्रम सुरू झाला. दीप लावला, हार झाले, अण्णांचं प्रास्ताविक झालं. त्यात 'माझ्या संकल्पनेतून' हे शब्द इतक्यांदा आले की मी ऐकायचं सोडून दिलं. पाहुणे भाषणाला उभे राहिले तेव्हा ऊन बांधावरून निघून गेलं होतं. तुऱ्याच्या वर आधी चार-दोन ठिपके दिसले, मग मूठभर, मग सरळ खांबच उभा राहिला. पाहुण्यांना वरचं दिसत नव्हतं. खालच्या लोकांना दिसत होतं.

"साहेबांच्या डोक्यातनं धूर येतोय बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. मोबाईल वर झाले. पाहुण्यांना वाटलं आपलं भाषण रंगलं, ते आणखी जोरात बोलायला लागले. त्यांनी सुरुवात मराठीत केली, मग कन्नडमध्ये गेले, मध्येच हिंदी. तिन्ही भाषांत तोंड उघडलं आणि तिन्ही भाषांत माश्या आत गेल्या. "हा विकास..." म्हणाले आणि ठसका लागला. पाणी दिलं. पाण्यातही दोन होत्या.

एका कार्यकर्त्यानं टॉवेल फिरवला. खांब दुभंगला आणि टॉवेल थांबल्यावर परत जुळला. "फेटा काढा साहेब," मी पहिल्या रांगेतून म्हणाले. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मी जणू धोतर काढायला सांगितलं होतं. फेटा निघणार नव्हता. तेव्हा अण्णांनी त्यांच्या मते तोडगा काढला. स्वतःची काळी छत्री उघडली आणि पाहुण्यांच्या डोक्यावर धरली. आता सगळ्या बांधावर त्या छत्रीइतकी उंच, काळी, ठळक वस्तू दुसरी नव्हती. आजूबाजूच्या झुडपांवरचे खांबसुद्धा मोडले आणि सगळी बिरादरी छत्रीवर आली.

"बाई!" अण्णा स्टेजवरून ओरडले. "काय तरी कर की!"

हे मला इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा म्हणाले.

"छत्री तशीच वर धरा, अजून वर," मी म्हणाले. "आता हळूऽऽ चालायला लागा. पळू नका. पळालात तर त्या परत फेट्यावर जातील."

"कुठं चालू?"

"पाहुण्यांपासून लांब."

अण्णा निघाले. हात ताठ वर, छत्री वर, छत्रीवर पुरुषभर उंचीचा गुणगुणणारा खांब. स्टेजच्या पायऱ्या एकेक करून उतरले, फरशीवरून पुढं गेले आणि माश्या त्यांच्याबरोबर गेल्या. मागं फेटा स्वच्छ झाला. पाहुण्यांनी घसा साफ करून भाषण पुरं केलं, कळ दाबली, कारंजं उडालं, टाळ्या झाल्या. फोटोग्राफरनं सगळं टिपलं. ज्यांच्या संकल्पनेतून हे सगळं झालं ते त्या एकाही फोटोत स्टेजवर नाहीत. एकात मात्र मागं, कोपऱ्यात, छत्री धरून निघालेला एक बोटभर माणूस दिसतो.

मला हसू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलंच येत होतं. पण बांधाच्या टोकाला ते एकटेच उभे दिसले तेव्हा मी त्यांच्याकडं गेले.

"अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"अंधार पडंपर्यंत."

"हात भरून आला गं."

मी छत्री घेतली. लांब टाळ्या चालल्या होत्या. आम्ही दोघं खाली आणि डोक्यावर ती गुणगुण. अण्णांनी पहिल्यांदाच मान वर करून नीट ऐकलं.

"गाणं म्हणत्यात व्हय?"

"पंखांचा आवाज हाय. बायकांना बोलवत्यात."

"येत्यात काय?"

"एखादी येती. तिला एकजण घेऊन खाली पडतो. बाकीचे नाचत बसत्यात."

"मग एवढ्या सगळ्यांनी कशाला जमायचं?"

"कमिटी हाय न्हवं," मी म्हणाले.

त्यांचे खांदे हलले, हसून की थंडीनं, ते अंधारात कळलं नाही.

मला वाटलं होतं, ह्यानंतर माणूस पाईपाचं काहीतरी करेल. चार दिवसांनी धुराची गाडी आली. 'ती चावत नाही' हे आता अण्णांना पटलं होतं, पण माश्यांनी त्यांना चारचौघांत चालवलं होतं, त्याचा हिशोब राहिला होता. आक्कांना ही बातमी माझ्याकडूनच कळली. आमच्या धर्मात जीव मारणं, मारवणं आणि 'बरं झालं मारलं' म्हणणं, तिन्ही पापं सारखीच. अण्णा म्हणाले, मारणार पंचायत, आपला संबंध नाही. आक्का म्हणाल्या, "मारवणारा तूच की रं. मला शिकवू नको." आणि मग पिशवी भरून बेळगावला लेकीकडं गेल्या, गाडी येऊन जाईपर्यंत. मी बघितलंच नाही तर 'बरं झालं' म्हणायचा प्रश्नच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. परत येताना कुंदा आणला आणि दारातून पहिला प्रश्न विचारला, "गेल्या काय गं?"

दोन संध्याकाळींपुरत्या गेल्या होत्या. त्याबरोबर बांधावरचे माश्या खाणारे चतुर किडेही गेले, झुडपांतल्या कोळ्यांची जाळी ओस पडली. अळ्या चिखलात खाली सुखरूप होत्या, त्यांना धुराचं काय? तिसऱ्या संध्याकाळी तीच गर्दी परत झुडपांवर आणि ह्या वेळी त्यांना खायला कुणी नव्हतं. मग थंडी कडक पडली, माश्या आपोआप कमी झाल्या. अण्णांनी ग्रुपवर टाकलं, "कमिटीच्या प्रयत्नांना यश." त्यावर बरेच अंगठे आले. एक आमच्या यजमानांचाही होता. मी विचारलं तर म्हणाले, "एकाच घरात ऱ्हायचंय, अंगठ्यानं काय जातंय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र अण्णांनी खरोखर पाईपाला हात घातला. जेसीबी आला, चर खणला, नवे पाईप जोडले. मी आनंदानं बघायला गेले. पाईप तळ्याला वळसा घालून पुढं गेला होता, आमच्या लेआऊटची हद्द जिथं संपते तिथून थोडा पलीकडं, आणि तिथल्या ओढ्यात उघडला होता. उताराला अगदी बरोबर.

"आता आपल्या हद्दीत काय त्रास न्हाई," अण्णा म्हणाले. हद्दीवर आमच्याकडं सगळ्यांचाच फार विश्वास.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक नवा लेआऊट झाला आहे. परवा त्यांच्या कमिटीचा फोन आला. बारक्या माश्यांचा धूर दिसतोय, तुम्ही त्यातल्या जाणकार आहात म्हणे, येऊन बघाल का? अण्णा जिन्यातच उभे होते.

"जा, पण काय सांगू नको," म्हणाले. "त्यांचं त्यांनी बघू दे."

मी गेले. ओढ्याकाठी तेच खांब, तीच गुणगुण, तोच लाल चिखल. त्यांचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर आहेत. आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्यांना सगळं सांगितलं, माशी कोणती, ती का जमते, कशावर पोसते आणि ते कुठून येतं, आमच्या घरासकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मधेमधे मान हलवली.

"ते सगळं बरोबर हाय मॅडम," ते शेवटी म्हणाले. "पण ह्यांना मारायला काय वापरायचं?"

"पाईप."

ते मोठ्यानं हसले. "पाईपानं एकेक कुठं मारत बसता!" म्हणाले आणि धुराची गाडी कुणाकडं मागायची ते विचारू लागले.